अटॅकनंतर घरी आलोय, पण रात्री झोपायची भीती वाटते

तापीकाठ | सोमवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. इथं मी वर्षानुवर्षं वाचनमात्र आहे. कापसाच्या भावाच्या धाग्यावर दोन-चार वेळा भांडलो असेन, तेवढंच. आज स्वतःचं घेऊन आलोय.

वय ४९. यावल तालुक्यात कृषी केंद्र आणि थोडी केळी. अटॅक आला त्याला आज २६ दिवस झाले. सकाळी दुकानाचं शटर वर करताना छातीवर कोणी युरियाचं पोतं ठेवल्यासारखं झालं, घामानं बनियन चिंब. पित्त असेल म्हणून सोडा प्यायलो आणि त्यात तास घालवला. (हे मुद्दाम लिहितोय, कोणी करू नका.) गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, ॲस्पिरिन चावायला लावली आणि जळगावला पिटाळलं. मनगटातून अँजिओप्लास्टी, एक स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी). चौथ्या दिवशी घरी. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ४५ टक्के. "वेळेत आलात, चांगलं आहे," असं डॉक्टर म्हणाले.

शरीराचं ठीक आहे. रात्रीचं ठीक नाही. दिवे मालवले की कूलरच्या पंपाची टकटक सुरू, आणि तिच्या जोडीनं उशीत कानाशी माझे ठोके. एखादा ठोका चुकल्यासारखा वाटला की उठून बसतो आणि गळ्यापाशी बोटं धरून मोजतो. बायको झोपल्याचं दाखवते, पण मी कूस बदलली की तिच्या बांगड्या वाजतात. म्हणजे तीही जागीच.

बीपीचं मशीन घेतलंय. पुण्याहून मुलानं नाडी दाखवणारं घड्याळ पाठवलंय. काल दिवसभरात मी १९ वेळा बीपी मोजलं. बिलबुकाच्या पाठीमागे लिहून ठेवलंय: ११८/७६, १२६/८०, १४८/९२, १५४/९४. जितकं मोजतो तितकं चढतं.

आणि शनिवारी रात्री दीड वाजता झालं ते. श्वास पुरेना, हातापायाला मुंग्या, ओठांभोवती बधिर, छातीत धडधड. भाच्यानं गाडी काढली, भुसावळला निघालो. तापीच्या पुलावर आलो तेव्हा वाटलं, आता आपण पलीकडे काही पोचत नाही. दवाखान्यात ईसीजी काढला, तो आधीसारखाच. रक्त दोनदा तपासलं, ट्रोपोनिन (अटॅक आला की रक्तात वाढतं ते) वाढलेलं नाही. पहाटे तिथला पोरसवदा डॉक्टर हसून म्हणाला, "काका, काही नाही, टेन्शन आहे." घरी आलो तर गल्लीतली निम्मी माणसं ओट्यावर. "परत आला का?" असं प्रत्येक जण विचारणार. जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

ज्यांना हे झालंय त्यांनी सांगा. असं किती दिवस चालतं? आणि खरं दुखणं कोणतं, भीतीचं कोणतं, हे ओळखायचं कसं?

---

जंक्शनचा_म्हातारा | सोमवार, रात्री ११.५८

आधी एक सांगतो, मग झोपतो. मलाही २०१९ मध्ये झाला. रेल्वेतून सुटायला दीड वर्ष उरलं होतं. पहिले दोन महिने मी मालगाड्या मोजून रात्री काढल्या. बाकी सकाळी लिहितो.

---

वरणबट्टी | मंगळवार, सकाळी ६.१०

दादा, काळजी घ्या. वाचतेय.

---

केळीवाले_अण्णा | मंगळवार, सकाळी ७.२५

अर्जुनसालीचा काढा सुरू करा. रोज उपाशीपोटी. आमच्या मामेभावाचे ब्लॉकेज सहा महिन्यांत साफ झाले, गोळ्या सगळ्या बंद. टेन्शन आपोआप जाईल.

---

ओपीडीतून | मंगळवार, सकाळी ८.०५

अण्णा, माफ करा, पण हे वाचून कोणी गोळ्या बंद केल्या तर त्याचं पाप तुमच्या-माझ्या डोक्यावर. नवीन स्टेंट म्हणजे रक्ताच्या दृष्टीनं परकी वस्तू. तिच्यावर आतून पेशींचं अस्तर चढेपर्यंत गुठळी होण्याचा धोका असतो, म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या सहसा वर्षभर चालतात. त्या मधेच सोडणं हे दुसऱ्या अटॅकला आवतण. काढा घ्यायचाच असेल तर हार्टच्या डॉक्टरांना दाखवून घ्या.

आता तापीकाठ. मी धुळे जिल्ह्यात फिजिशियन आहे. इथं बसून निदान करणार नाही, पण चार गोष्टी सांगतो.

पहिली, शनिवारी रात्री तुम्ही दवाखान्यात गेलात ते अगदी बरोबर केलंत. लाजायचं काडीचंही कारण नाही. महिन्याभरापूर्वी अटॅक आलेल्या माणसाला छातीत काही झालं तर "भीतीच असेल" असं म्हणून घरी बसायचं नसतं. दहा वेळा फुकट गेलात तरी चालेल. हसणाऱ्या पोरानं हसायला नको होतं.

दुसरी, ओळखायचं कसं. खात्रीनं घरी ओळखता येत नाही, हे आधी मान्य करा, म्हणजे डोक्यावरचं अर्धं ओझं उतरेल. तरी ढोबळ चित्र असं: भीतीचा झटका एकदम उसळतो, साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो, मग ओसरतो. माणूस भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. तुम्ही तेच लिहिलंय. हृदयाचं दुखणं बहुधा जड, दाबल्यासारखं असतं, जबड्याकडे, खांद्याकडे, हाताकडे जातं, थंड घाम येतो. पण मधुमेह असेल, बाई असेल, वय जास्त असेल तर ते वेगळ्या वेषातही येतं. म्हणून नियम एकच ठेवा. असं काही झालं की आधी खाली बसा. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर एक ठेवा (उभ्यानं नको, बीपी उतरून पडाल). पाच मिनिटांत उतार नाही, तर १०८. तुमच्या पहिल्या अटॅकसारखंच वाटत असेल तर पाच मिनिटंही थांबू नका. स्वतः गाडी चालवत जायचं नाही.

तिसरी, ते मशीन. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आधी पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, हात टेबलावर छातीच्या उंचीला, बोलायचं नाही. बस्स. घाबरून मोजलेलं बीपी भीतीचंच माप दाखवतं. घड्याळ मुलाला परत पाठवा. मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडी ५५-६० दिसणारच, ती त्यासाठीच दिलेली असते.

चौथी, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांत तुम्ही टिकाग्रेलॉर घेता का, ते चिठ्ठी बघून सांगा. नाव टिका- नं सुरू होतं, दिवसातून दोनदा असते.

---

तापीकाठ | मंगळवार, सकाळी ९.३०

हो डॉक्टरसाहेब, तीच आहे. ९० ची, सकाळ-संध्याकाळ. का?

---

ओपीडीतून | मंगळवार, दुपारी १.५०

ओपीडी आटोपली, आता सांगतो. त्या गोळीनं काही जणांना नुसतं बसल्या बसल्या श्वास अपुरा वाटतो. जगभरच्या मोठ्या चाचणीत साधारण १४ टक्के लोकांना दम लागल्यासारखं झालं होतं. फुप्फुस किंवा हृदय बिघडलंय असा त्याचा अर्थ नाही, बहुतेकांचं ते आपोआप कमी होतं. पण माणूस आधीच धास्तावलेला, त्यात श्वास अडखळला की मन म्हणतं, "आला!" गोळी स्वतःहून थांबवायची नाही, एकही डोस नाही. जळगावच्या डॉक्टरांना फोन करून "श्वास अपुरा वाटतो" एवढंच सांगा. ते तपासतील, लागलंच तर बदलून देतील.

---

जंक्शनचा_म्हातारा | मंगळवार, दुपारी २.३०

डॉक्टरांनी डॉक्टरांचं सांगितलं. आता मी घरचं सांगतो.

तापीकाठ भाऊ, तुमच्या भीतीत निम्मा वाटा भेटायला येणाऱ्यांचा असणार, पैज लावतो. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला गेलं नाही तर पिढ्यान्पिढ्या लक्षात ठेवतात, म्हणून सगळे येतात. यायलाच पाहिजे, माझी ना नाही. पण येऊन बोलतात काय? माझ्याकडे एक जण खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "आमच्या साडूचंही अस्संच झालं होतं. चांगला हिंडायला लागला होता. आणि एक दिवस अंघोळीला गेला तो..." हे सांगताना त्यांच्या एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात माझ्याच घरची शेव. सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली, त्यांच्या हातची बशी काढून घेतली आणि म्हणाली, "भाऊजी, यांची झोपायची वेळ झाली." दुपारचे साडेअकरा वाजले होते.

त्यानंतर तिनं नियमच करून टाकला. भेटीची वेळ पाच ते सहा, आणि आजाराचा विषय नाही. पाऊसपाणी, लग्नं, राजकारण, काहीही चालेल. पंधरा दिवसांत माझी झोप सुधारली. हसू नका, खरं सांगतोय.

अजून एक. पहिले काही महिने मनगटावरचा चट्टा खाजला तरी मी घाबरायचो. शिंकलो, बरगडीत चमक आली, की घाम. आता सहा वर्षं झाली. अजूनही कधीतरी छातीत कळ येते आणि क्षणभर जीव दचकतो. फक्त पूर्वी तो क्षण रात्रभर चालायचा.

---

पांझरेचा_पोऱ्या | मंगळवार, सायंकाळी ७.१५

मी धुळ्याचा. मला ३७ व्या वर्षी आला. हो, सदतीस. तंबाखू आणि घरातला वारसा. शरीर दोन महिन्यांत ठणठणीत झालं, पण मी दुकानात एकटा बसू शकत नव्हतो. दवाखाना दहा मिनिटांच्या अंतरावर नसेल अशा ठिकाणी जायचोच नाही. साक्रीला बहिणीकडे कार्य होतं, अर्ध्या रस्त्यातून परत फिरलो.

हार्टच्या डॉक्टरांनीच मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं. घरी सांगितलं तर वडील म्हणाले, "येडासना डॉक्टरकडे जाशी तं लोके काय म्हनतीन?" मी म्हटलं, आप्पा, लोकांनी आधीच म्हणून झालंय, आता जाऊ दे. गेलो. भीती-नैराश्यावरची सरट्रालीनची छोटी गोळी आणि आठवड्यातून एकदा बोलणं. गोळीनं पहिला आठवडा मळमळ झाली, फरक पडायला तीन-चार आठवडे लागले. सहा महिन्यांनी साक्रीला जाऊन आलो, बसनं.

त्या मॅडमनी एक भारी काम करून घेतलं. रोज संध्याकाळी साडेसहा ते पावणेसात, भीतीची वेळ. वहीत लिहायचं, मनात येईल ते सगळं. रात्री दोनला विचार आला की त्याला सांगायचं, उद्या साडेसहाला ये. आधी मला हा पोरखेळ वाटला होता. पण उद्या साडेसहाला वही उघडली की त्यातलं निम्मं आठवायचंच नाही.

आणि एकदम कुठं जायची लाज वाटत असेल तर १४४१६ वर फोन लावा. टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, मराठीतून बोलतात.

---

केळीवाले_अण्णा | मंगळवार, रात्री ९.००

मनाच्या गोळ्यांची सवय लागते. माणूस सुस्त होतो. मन खंबीर पाहिजे.

---

ओपीडीतून | मंगळवार, रात्री १०.२०

अण्णा, तुम्ही म्हणता ती सवय झोपेच्या गोळ्यांना लागू शकते, त्या थोडे दिवस आणि जपूनच देतात. सरट्रालीन वेगळी. ती हृदयरोग्यांत तपासून झालेली आहे आणि अटॅकनंतर देता येते. अटॅकनंतर दर पाचांत साधारण एकाला उपचार लागावेत इतकं नैराश्य येतं, आणि भीती तर त्याहून जास्त जणांना. त्यात खंबीर-लेचापेचा असं काही नसतं. तालमीत घडलेले पैलवान माझ्यासमोर रडलेत. उलट मन खचलं की माणूस गोळ्या चुकवतो, चालत नाही, परत बिडी धरतो. म्हणून मनाकडे बघणं हा हृदयाच्याच उपचाराचा भाग आहे.

---

चोपड्याची_लेक | बुधवार, दुपारी ३.४०

तापीकाठ दादा, सगळ्यांनी तुमचं लिहिलं. मी बांगड्यांचं लिहिते.

माझ्या मिस्टरांना दोन वर्षांपूर्वी झालं. दवाखान्यातून आल्यावर पहिले तीन आठवडे मी रात्रभर त्यांच्या नाकापुढे हात धरायची, श्वास लागतोय का बघायला. त्यांना जाग आली की चादर सारखी करतेय असं दाखवायची. ते मला झोपलेलं समजायचे, मी त्यांना. सकाळी दोघांचे डोळे लाल, आणि भांडण कशावरून, तर वरणात मीठ कमी का. मी पापड बंद, बिबडे बंद, लोणचं बंद, शेवभाजी तर स्वप्नातही नाही, असा लष्करी कायदा लावला होता. एक दिवस ते ताटावरून उठले. म्हणाले, "मला अटॅकनं नाही मारलं, तू मारशील." मी मागच्या दारी जाऊन एवढी रडले!

महिन्यानं मलाच चक्कर आली. बीपी १६०. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एका घरात एका अटॅकला दोन पेशंट असतात.

मग आम्ही बोललो. तिसऱ्या महिन्यात, रात्री अंगणात खाट टाकून. ते म्हणाले, "मला झोपेत जायची भीती वाटते." मी म्हटलं, "मलाही तीच वाटते, म्हणून तर हात धरते." एवढंच. पण त्या रात्री आम्ही दोघंही झोपलो. नंतर नात्यातल्या एका भाच्याला बसवून १०८ ला काय सांगायचं, चिठ्ठ्या कुठं, गोळी कुठं, गाडी कोणाची, हे सगळं ठरवून फ्रिजवर चिकटवलं. ठरवलेलं असलं की धाक कमी होतो. दादा, वहिनींना एकदा विचारा, त्या शेवटच्या सलग कधी झोपल्या.

(मिठाचं आता असं आहे: पापडखार घातलेलं सगळं सणालाच. भरीत मात्र चालतं, तेल मोजून.)

---

वरणबट्टी | बुधवार, दुपारी ४.०५

ताई, डोळ्यात पाणी आलं.

---

तापीकाठ | बुधवार, रात्री १०.५०

सगळ्यांचं वाचलं. दोनदा वाचलं. चोपड्याच्या ताईंचं बायकोला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. उठून गेली, थोड्या वेळानं पाणी पिऊन आली आणि म्हणाली, "मशीन इकडं द्या." बीपीचं मशीन आता तिच्या लुगड्यांच्या कपाटात आहे. सकाळी आठ आणि संध्याकाळी सातलाच निघतं. घड्याळ भाच्याला दिलं, तो त्यात क्रिकेटचा स्कोअर बघतो.

जळगावला फोन केला. डॉक्टरांनी तपासायला बोलावलंय, गोळीचं तेव्हा ठरवतील. तोवर चालू ठेवायला सांगितलीय.

एक विचारायचं राहिलं. चालायला सांगितलंय, पण पारा ४४ वर आहे. घरात फेऱ्या मारतो तर पाव्हणे म्हणतात पिंजऱ्यातला वाघ.

---

जंक्शनचा_म्हातारा | गुरुवार, पहाटे ५.१५

मी हे बाहेरूनच टाइप करतोय. आपल्याकडे वैशाखात चालायचं ते कोंबडा आरवायच्या आत. सात वाजले की ऊन अंगावर धावून येतं. मी सुरुवातीला घरापासून कोपऱ्यावरच्या दूध डेअरीपर्यंत जायचो, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. दर दोन-तीन दिवसांनी एक-एक विजेचा खांब वाढवला. सोबत कोणीतरी पाहिजे. गप्पा मारता आल्या पाहिजेत. बोलताना धाप लागली तर वेग कमी. गाणं म्हणता आलं तर तुम्ही फारच हळू चाललाय. हे मला दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलं होतं. मी गाणं म्हटलं तर गल्लीतली कुत्री मागे लागतात, तो भाग वेगळा.

---

ओपीडीतून | गुरुवार, सकाळी ८.१५

म्हातारबाबांचा खांबांचा हिशोब मला आवडला. भर घालतो: उन्हाळ्यात बीपीच्या गोळ्या चालू असताना अंगातलं पाणी कमी झालं की उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. ती भीती नव्हे, ते बीपी. खाटेवर बसून मिनिटभर थांबा, मग उभे राहा. पाणी किती प्यायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, पंपिंग कमी असेल तर त्यावर मर्यादाही असते. जेवल्या जेवल्या चालायचं नाही. छातीत दडपलं तर थांबायचं, खांब पूर्ण करायचा हट्ट नको. आणि तुमच्या दुकानातलं ५० किलोचं पोतं सध्या डोळ्यांनीच उचला.

रात्री धडधड सुरू झाली आणि वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणा नसल्या, तर एक हात पोटावर ठेवा. नाकानं श्वास आत घेताना मनात चार मोजा, बाहेर सोडताना सहा. पाच मिनिटं. श्वास मोठा घ्यायचा नाही, लांब सोडायचा. मोठमोठे श्वास घेतले तर मुंग्या वाढतात.

---

पांझरेचा_पोऱ्या | गुरुवार, सकाळी ११.३०

हे दिवसा शिकून ठेवा भो. रात्री दोनला नवीन काही जमत नाही.

---

तापीकाठ | बावीस दिवसांनी, सकाळी ६.५०

धागा वर काढतोय. चार जणांनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं, म्हणून.

गोळी बदलून मिळाली. इको, ईसीजी बघून मगच बदलली, श्वासाचं पुष्कळ कमी आहे. भीतीचा झटका मध्ये दोनदा आला. एकदा चार-सहा मोजून गेला. दुसऱ्यांदा गेला नाही, डाव्या खांद्यात दुखल्यासारखंही वाटलं, तर सरळ १०८ बोलावली. काही निघालं नाही. गल्ली परत ओट्यावर होती. या वेळी मी हात हलवून म्हटलं, "चहाला या, पाच ते सहा."

मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडे पुढच्या मंगळवारी जायचंय. नंबर लावलाय. आमच्या वडिलांना सांगितलेलं नाही, सांगू सावकाश.

आज पहाटे बायको आणि मी अकरा खांब चाललो. परवा दिवसाउजेडी भुसावळला जाताना भाच्याला तापीच्या पुलाच्या अलीकडे गाडी बाजूला घ्यायला लावली. खाली उतरून बघितलं. त्या रात्री पूल केवढा लांब वाटला होता! नदीत पाणी बेताचंच, काठाला म्हशी बसलेल्या.

झोप अजून तुकड्या-तुकड्यानं लागते. कूलरच्या पंपाला मात्र मिस्त्री आणून नवीन रबर बसवलं. टकटक बंद. हे आधीच का सुचलं नाही कोण जाणे.

---

जंक्शनचा_म्हातारा | सकाळी ७.०२

शाब्बास! पंपाचं मलाही सुचलं नव्हतं, आणि मी मेकॅनिकल डिपार्टमेंटचा.

---

चोपड्याची_लेक | सकाळी ९.३०

वहिनी झोपतात का आता?

---

तापीकाठ | सकाळी ९.४५

काल घोरत होती. मी जागा राहून ऐकलं.

---

केळीवाले_अण्णा | सकाळी १०.१०

चांगलं झालं. काढ्याचं राहू द्या. कपाशीचं बियाणं आलं का दुकानात? दहा पाकिटं पाहिजेत.

---

तापीकाठ | सकाळी १०.१५

आलंय अण्णा. दुकानात भाचा आहे, मी अकरा ते एक बसतो. खोकं मात्र माळ्यावर आहे, तुम्हालाच काढावं लागेल.